कडवं कोण गातंय, ते बघा

प्रश्न: पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड मी खूप ऐकते, पण त्यांचा गिटारवादक-गायक डेव्हिड गिलमोरच्या सोलो कॉन्सर्टचे व्हिडिओ एकदाही बघितले नाहीत. त्यातसुद्धा निम्मी गाणी बँडचीच असतात म्हणे. मग सरळ बँडचेच शो का बघू नयेत? आणि बघायचेच तर सुरुवात कुठून करू?

उत्तर: निम्मी गाणी बँडची असतात हे खरंय, पण गंमत त्यातच आहे. बँडचं ‘कम्फर्टेबली नम्ब’ घ्या. १९७९च्या मूळ गाण्यात कडवं बँडचा बासवादक रॉजर वॉटर्स गातो, म्हणजे तो गाण्यातला डॉक्टर, आणि ध्रुवपद गिलमोर गातो, तो पेशंट. वॉटर्स १९८५ मध्ये बँड सोडून गेला, त्यामुळे सोलो शोमध्ये दरवेळी डॉक्टर कोणीतरी वेगळाच. २००१ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये रॉबर्ट वायट हा इंग्लिश गायक गातो, इतक्या हळव्या आवाजात की या डॉक्टरलाच सलाईन लावावं असं वाटतं. २००६ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तेच कडवं रॉकस्टार डेव्हिड बोवी गातो आणि एकदम गारठा येतो. त्याच वर्षी पोलंडमधल्या ग्दान्स्कला मात्र पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट गातो, म्हणजे घरचाच माणूस. पेशंट तोच, गिटारचा सोलोही ओळखीचा, तरी गाणं दरवेळी वेगळीकडे जातं, आणि हे बँडच्या शोमध्ये बघायला मिळणार नाही.

सुरुवात कुठून म्हणाल तर सगळे इटलीतल्या पॉम्पेईच्या प्राचीन अवशेषांमधला शो सांगतील, मी २००२ साली डीव्हीडीवर आलेला ‘इन कॉन्सर्ट’ सांगेन. लेझर नाही की धूर नाही, चेलो आहे, डबल बास आहे, मागे कोरस आहे. बँडच्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या गाण्याची सुरुवात तो चक्क अकूस्टिक गिटारवर करतो, आणि ते प्रसिद्ध चार सूर येतात ना, तिथे इलेक्ट्रिक गिटारसारखा सूर लांबत नसल्यामुळे प्रत्येक सूर लगेच विरतो आणि मधली शांतता जास्त ऐकू येते. मध्येच हा बाबा बिझे या फ्रेंच संगीतकाराच्या ऑपेरातलं गाणंही फ्रेंचमध्ये गातो. बँडमध्ये हे कोणी करू दिलं असतं का, शंकाच आहे.

प्रश्न: पॉम्पेईचा एक व्हिडिओ बँडचा आणि एक गिलमोरचा, दोन्ही बघायलाच हवेत का हो?

उत्तर: दोन्ही बघा, पण तुलना करत बसू नका. १९७१च्या ऑक्टोबरात बँडने त्या रोमन अँफिथिएटरमध्ये वाजवलं तेव्हा समोर प्रेक्षक नव्हते, नुसते दगड, धूळ आणि अँप्लिफायर. जुलै २०१६ मध्ये गिलमोर तिथे परत गेला, सत्तरीचा होऊन, आणि यावेळी समोर लोक होते. दोन्हीकडे असलेलं गाणं एकच, ‘वन ऑफ दीज डेज’. राइट २००८ मध्ये वारला होता, त्याच्यासाठी लिहिलेलं ‘अ बोट लाइज वेटिंग’ इथे ऐका, मला तरी अख्ख्या शोमध्ये तेच सगळ्यात आवडतं. बाकी आगीचे लोळ, फटाके वगैरे भरपूर, माझ्या मते जरा जास्तच.

आणि राइट आवडत असेल तर २००६च्या टूरचे दोन्ही व्हिडिओ सोडू नका, ‘रिमेंबर दॅट नाइट’ आणि ‘लाइव्ह इन ग्दान्स्क’. त्यातलं बँडचं ‘एकोज’ हे गाणं वीसेक मिनिटं चालतं, त्यात गिलमोर आणि राइट एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळून गातात आणि नंतर गिटार आणि ऑर्गनचे नुसते सवालजवाब चालतात. ग्दान्स्कचा शो जहाजाच्या गोदीत झाला, पोलंडमधल्या सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीच्या वर्धापनदिनानिमित्त, साथीला ऑर्केस्ट्रा. तो अल्बम सप्टेंबर २००८मध्ये बाजारात यायच्या आठवडाभर आधी राइट गेला.

प्रश्न: दादा, मी गिटार शिकतोय. व्हिडिओत नेमकं काय बघू?

उत्तर: उजवा हात बघ. सगळे डाव्या हाताच्या बोटांकडे बघतात, पण गिलमोरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचा ट्रेमोलो दांडा, म्हणजे सूर वरखाली हलवायचा दांडा, कापून आखूड केलेला आहे आणि तो हातातच धरून वाजवतो, सूर संपता संपता दांड्याने किंचित हलवतो. म्हणून तो सूर रडल्यासारखा वाटतो. स्पीड अजिबात नाहीये, तू दोन महिन्यांत त्याच्यापेक्षा फास्ट वाजवशील. पण तार ओढून बरोब्बर सुरावर नेऊन तिथे धरून ठेवणं, ते आधी जमव. आणि त्याची ती प्रसिद्ध काळी स्ट्रॅटोकास्टरच पाहिजे म्हणून हट्ट धरू नकोस, ती २०१९च्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, पैसे हवामान बदलाच्या कामाला दिले त्याने.