बॅलेच्या टुटूत आणि नाचाच्या जुन्या कपड्यांत एवढं बघण्यासारखं काय असतं?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत. छत्रीसारख्या त्या ताठ स्कर्टात एवढं काय असतं, कपडेच बघत बसणारा माणूस नाच खरंच बघतो का, आणि भाचीच्या गॅदरिंगसाठी असा टुटू शिवून घेतला तर रत्नागिरीच्या हवेत तो टिकेल का. मधल्या प्रश्नातला टोमणा कळला. तिथूनच सुरू करते.

नाच बघतेच हो. पण जे नाच आता कुणालाच दिसणार नाहीत त्यांचं काय करायचं? रशियन नर्तक वास्लाव निजिन्स्की नाचतानाचं चित्रीकरण कुठेही नाही. बॅले नर्तकी मारी ताल्योनी १८८४ मध्ये गेली, सिनेमा त्यानंतर आला. अशांच्या नाचातलं हाताला लागेल असं जे काही उरलंय ते म्हणजे कपडे आणि सपाता. मी कुडाळच्या बाजूला शिवणकाम करते. ब्लाउज, शाळेच्या गॅदरिंगचे ड्रेस, आणि कार्तिक लागला की दशावतारी कंपन्यांच्या झग्यांची दुरुस्ती. काखेतली शिवण कुठे उसवली, कमरेचं माप कितीदा सोडलं, कुठल्या बाजूला कापड जास्त झिजलं, एवढ्यावरून अंगात घालणारा माणूस रंगमंचावर काय करतो ते आम्हाला बरंचसं कळतं. हेच शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कपड्याला लावून बघा, म्हणजे माझं वेड कळेल.

उदाहरण देते. २९ मे १९१३ ला पॅरिसमध्ये 'राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेचा पहिला प्रयोग झाला आणि प्रेक्षागृहात गोंधळ माजला, हे सगळेच सांगतात. निजिन्स्कीने बसवलेला तो नाच मोजकेच प्रयोग होऊन बंद पडला आणि लोक विसरूनही गेले. पोशाख मात्र राहिले. ते रेखाटले होते निकोलस रोरिख यांनी. (तेच रोरिख, जे पुढे कुलूच्या खोऱ्यात नग्गरला येऊन राहिले. देविकाराणी त्यांची सून.) जाड लोकरीचे सैल झगे, त्यावर रंगवलेली नक्षी. मिलिसंट हॉडसन आणि केनेथ आर्चर यांनी वर्षानुवर्षं खपून तो नाच पुन्हा उभा केला आणि १९८७ मध्ये अमेरिकेतल्या जॉफ्री बॅलेने तो सादर केला. हाताशी काय होतं? संगीताच्या प्रतीवरच्या नोंदी, चित्रं, जुन्या माणसांच्या आठवणी आणि हे झगे. तसला झगा अंगावर असताना हलकी तरंगती गिरकी सुचायचीच नाही. पाय आत वळवून जमिनीवर आपटावेत, हेच सुचेल. हे मला चित्रं बघून कळलं नव्हतं, कापड कुठलं ते वाचल्यावर कळलं.

'राइट ऑफ स्प्रिंग' करणाऱ्या दियागिलेवच्या रशियन बॅले कंपनीचे कपडे पुढे बरीच वर्षं पॅरिसच्या एका गोदामात पडून होते. १९६७ पासून लंडनमध्ये त्यांचे लिलाव झाले. १९६८ च्या लिलावात तर बॅले शिकणाऱ्या मुलामुलींनी ते अंगात घालून दाखवले! आज कुठलंही संग्रहालय असं करू देणार नाही, आणि बरोबरच आहे. घामाने जुनं रेशीम मरतं. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि कॅनबेराची नॅशनल गॅलरी, दोन्हींकडे यातले भरपूर कपडे आहेत आणि फोटो घरबसल्या बघता येतात. माझी तक्रार एकच: फोटो नेहमी बाहेरच्या बाजूचे. खरी गंमत आत असते. आस्तरावर शाईने नर्तकाचं नाव लिहिलेलं, ते खोडून दुसऱ्याचं लिहिलेलं. एकच झगा कितीजणांच्या अंगावरून गेला ते तिथे कळतं.

आता टुटूकडे येते. १२ मार्च १८३२ ला पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीड' हा बॅले झाला. ताल्योनी त्यात वाऱ्यातली परी होती. घट्ट चोळी आणि खाली घोट्याच्या वरच थांबणारा, घंटेच्या आकाराचा पांढरा तलम सुती घेर. चवड्याच्या टोकावर उभं राहणं हा तिच्या नाचाचा गाभा होता, तेव्हा पाऊल दिसायलाच हवं, म्हणून स्कर्ट तेवढा वर गेला. दुसरं कारण उजेड. तिथे गॅसचे दिवे येऊन दहा वर्षं झाली होती, आणि त्या उजेडात पातळ पांढऱ्या कापडाचे थर चांदण्यासारखे दिसत. नऊ वर्षांनी आलेल्या 'जिझेल' बॅलेच्या दुसऱ्या अंकातली ती पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांची रांग या दिव्यांशिवाय कुणाला सुचली असती असं मला वाटत नाही.

याच दिव्यांनी बायका जाळल्याही. १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये क्लारा वेब्स्टरचा स्कर्ट पेटला आणि त्यात ती गेली. पॅरिसची एमा लिव्री ही ताल्योनीची लाडकी शिष्या. तिच्यासाठी ताल्योनीने १८६० मध्ये 'ल पापियों' बसवला, त्यात फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीने होरपळतात. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १८६२ मध्ये, तालमीच्या वेळी एमाचा स्कर्ट गॅसच्या दिव्यावर गेला. आठ महिने यातना भोगून ती वारली, तेव्हा वय वीस. चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. कापड क्षारांच्या द्रावणात बुडवलं की ते सहजी पेट घेत नाही, हे तेव्हा माहीत होतं. १८५९ पासून तसा सरकारी हुकूमही होता. पण कापड कडक आणि मळकट व्हायचं, म्हणून एमाने ते घालायला लेखी नकार दिला होता.

लोक याला हट्ट म्हणतात. शिवणारी बाई म्हणून मला तिचं म्हणणं कळतं. तिची उडी संपल्यावरही क्षणभर वर राहणारा तो घेर हा तिच्या नाचाचा अर्धा भाग होता. तो कडक झाला की उरते ती नुसती उडी. तिने नको म्हणायलाच हवं होतं असं नाही, पण का म्हटलं ते समजतं. तिच्या जळक्या पोशाखाचे अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपलेले आहेत. त्याचा फोटो मी पाहिलाय आणि पुन्हा उघडलेला नाही.

स्कर्ट आणखी आखूड झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. इटालियन नर्तकी रशियात गेल्या आणि पायाचं काम अवघड होत गेलं. १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पिएरिना लेन्यानीने 'स्वान लेक'मध्ये एका पायावर ओळीने ३२ गिरक्या घेतल्या. लांब घेरात त्या घेतल्या असत्या तरी कुणाला दिसलं काय असतं? आणि कापड पायात गुंडाळलं असतं ते वेगळंच.

हा आखूड टुटू बांधतात कसा, ते तर पाहण्यासारखं आहे. तो स्कर्ट नसतोच मुळी. एक चड्डी असते, तिच्यावर खालून वर नेटचे दहा-बारा थर, सगळ्यात खालचा बोटभर, वरचा सगळ्यात रुंद. मधल्या एका थरातून पोलादी तार जाते. मग सगळे थर हाताने, सैल कच्च्या टाक्यांनी एकमेकांना अडकवायचे. टाका ओढला तर खळगा पडतो, फार सैल सोडला तर थर लोंबतो. वर नितंबांना घट्ट बसणारी पट्टी, तिच्यावर चोळी. पाठीला हुकांच्या दोन-तीन रांगा, कारण उद्या दुसरीच मुलगी तो घालणार. अमेरिकेत नाच बसवणाऱ्या बालांशिनच्या बॅले कंपनीसाठी शिवणाऱ्या बार्बरा कारिन्स्का यांनी १९५० मध्ये तारच काढून टाकली आणि कमी थरांचा, मऊ, किंचित खाली झुकणारा टुटू केला. कारण अगदी साधं: रंगमंचावर गर्दी असली की तारेचे टुटू एकमेकांवर आपटत आणि एका बाजूने दाबले की दुसऱ्या बाजूने उचलले जात. चोळीच्या बाजूचे तुकडे त्या उरेब, म्हणजे तिरके, कापत, म्हणजे श्वास घेताना कापड ताणतं. हे वाचल्यापासून मी दशावतारी कंपनीच्या राजाच्या झग्यांतही काखेखाली उरेब तुकडा घालते. युद्धाच्या प्रवेशात तलवार वर उचलली की आता शिवण बोलत नाही.

माझा मामा दशावतारात स्त्रीपार्टी होता. त्याला मोबाइलवर 'स्वान लेक' दाखवला तर पाच मिनिटं गप्प बघितलंन आणि विचारलंन, "गो, पण ही बसता कशी?" मला वाटतं हा प्रश्न भल्याभल्या समीक्षकांना सुचलेला नाही. उत्तर असं की ती बसत नाही. बसली तर मागचे थर दबतात, म्हणून विंगेत उभ्यानेच वाट बघायची. मामाचं नऊवारी लुगडं याच्या बरोबर उलटं. रात्रभर त्यात उठबस, नाच, रडणं, पहाटेपर्यंत चहा, सगळं करायचं, आणि सकाळी सोडून घडी घालून पेटाऱ्यात. आमच्याकडे दशावताऱ्यांबद्दल म्हणतात ना, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. तो बोजा ज्याला वाहायचाय त्याचा पोशाख घडीचाच असणार. टुटूची घडी होत नाही. तो राजाश्रयाच्या थिएटरात, कपडेपटाला खोल्या असलेल्या ठिकाणी वाढला. पोशाखाचा आकार जसा नाचावरून ठरतो तसा तो नेणार कसा यावरूनही ठरतो, हे माझं आपलं मत.

'ला बायादेर'बद्दल पण सांगते, कारण आपल्याकडचे लोक त्यावर चिडतात. १८७७ मध्ये रशियात नाच बसवणाऱ्या पेतिपाने देवदासीची गोष्ट बॅलेत आणली आणि देवळातली नर्तकी टुटूत उभी केली. खरा पोशाख युरोपने पाहिलाच नव्हता असं नाही. दक्षिणेतल्या देवदासी १८३८ मध्येच पॅरिसला जाऊन नाचून आल्या होत्या. मला राग येत नाही. टुटू हा त्यांचा काष्टा. लावणीवालीला मांडी मोकळी हवी म्हणून काष्टा, तसं यांना पाय कमरेपासून दिसायला हवा म्हणून टुटू. बदल्यात रशियन बॅले नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हा १९२२-२३ च्या दौऱ्यात आपल्याकडे येऊन गेली आणि मग उदय शंकर यांना जोडीला घेऊन लंडनमध्ये राधा-कृष्ण नाचली. १९२८ मध्ये ती पुन्हा आली तेव्हा भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिला मुंबईत पाहिलं, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तिचा 'मरणासन्न हंसा'चा पिसांचा पोशाख लंडनच्या संग्रहालयात आहे.

आता भाचीचं. टिकेल, पण परदेशी व्हिडिओत दाखवतात तसा शिवू नका. खळ दिलेलं सुती कापड अजिबात नको. आषाढात बुरशी धरेल आणि उरलेलं कसर खाईल, तिला खळ फार आवडते. दुकानात कॅनकॅन नेट म्हणून नायलॉनची मिळते, मध्यम कडक बघून घ्या. कोल्हापूर-बेळगावला रंग जास्त मिळतात. तार घालू नका. खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजेल आणि पांढऱ्या नेटवर तांबडे डाग पडतील, ते जात नाहीत. लहान मुलीला पाच-सहा थर पुरतात, तारेशिवाय उभे राहतात. हुक पितळेचे. वेल्क्रो लावला तर नेट त्यात अडकून फाटते. चोळीला आतून सुती आस्तर, ते निघेल असं टाचा म्हणजे वेगळं धुता येईल.

ठेवायचा उलटा, चड्डी वर आणि घेर खाली, धुतलेल्या जुन्या धोतराच्या पिशवीत. प्लास्टिकमध्ये कधीच नाही, आत घाम धरतो. श्रावणात ऊन पडलं की सावलीत वाऱ्याला काढायचा. थेट उन्हात नायलॉन पिवळं पडतं. मोठ्या कंपन्यांत टुटू धूत नाहीत, घामाचा वास घालवायला पाण्यासारखी व्होडका फवारतात. हे ऐकून मामाने लगेच काजूची फेणी सुचवली. तसलं काही करू नका, फेणीचा वास घामापेक्षा हट्टी असतो.

आणि शिंप्याकडे मे महिन्याच्या आत जा. एवढ्याशा फ्रॉकला हाताचे इतके टाके कशाला, असं तो म्हणणारच. त्या टाक्यांचे पैसे वेगळे द्यायचं आधीच कबूल करा. तिथे काटकसर केलीत तर पहिल्याच उडीत थर सुटे होतील.