आयडलिंगला गाडी थरथरते. थ्रॉटल बॉडी आणि हवेचा सेन्सर घरी साफ केला तर फरक पडेल का?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे "पळताना गाडी एकदम छान चालते". बाकी तुम्ही लिहिलंय ते असं: उभी असताना थरथर, आरपीएमचा काटा वरखाली, ॲक्सिलरेटर सोडून थांबायला जावं तर मधूनच बंद पडते, नवे प्लग टाकूनही फरक नाही, पण वेग घेतला की काही तक्रार नाही. पेट्रोल इंजिनात ही लक्षणं एकत्र दिसली की माझा पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात जाणारी हवा प्लेटने कमीजास्त करणाऱ्या भागावर) जातो, दुसरा कुठेतरी फुटलेल्या नळीवर, आणि हवेच्या सेन्सरवर (आत जाणारी हवा मोजणारा, एमएएफ) तिसरा. त्यामुळे हो, साफसफाईने फरक पडण्याची शक्यता चांगली आहे. पण फवारा हातात घेण्याआधी थोडी तपासणी करा. गळकी नळी कितीही साफ केली तरी गळतच राहते.

आधी त्रास फक्त आयडलिंगलाच का होतो ते बघू, कारण निदान त्यावरच उभं आहे. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना थ्रॉटलची गोल प्लेट जवळजवळ मिटलेली असते. प्लेटची कड आणि बॉडीची भिंत यांच्यात अगदी बारीक फट उरते, आणि इंजिनाला लागणारी बहुतेक सगळी हवा तेवढ्यातूनच जाते. पेट्रोल नीट जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. आता इंजिनाच्या खालच्या भागातली, म्हणजे क्रँककेसमधली, तेलाची वाफ पीसीव्हीच्या नळीतून (ही वाफ बाहेर काढण्यासाठीच असलेली नळी) परत इनटेकमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेतच सोडलेली असते. ती वाफ आणि फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ मिळून प्लेटच्या कडेला काळं, चिकट कडं धरतं. गाडी वेगात असताना प्लेट बरीच जास्त उघडी असते, तेव्हा या थराला काही किंमत नाही. आयडलिंगला मात्र तोच थर फटीचा मोठा वाटा खाऊन टाकतो.

यात एक गोष्ट लोकांना फसवते. थर जमत जातो तसा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) प्लेट किंचित जास्त उघडून तूट भरून काढायला शिकतो. त्यामुळे बरेच महिने काहीच जाणवत नाही. मग एक दिवस बॅटरी बदलली जाते, बऱ्याच गाड्यांत ईसीएम शिकलेलं विसरतो, आणि त्याच संध्याकाळी गाडी बंद पडायला लागते. मालक नव्या बॅटरीला दोष देतो, खरं कारण थ्रॉटलमध्ये बसलेलं असतं. तुमच्याही गाडीची बॅटरी अलीकडे काढली असेल तर हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता तपासणी. ओबीडीला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप एवढं पुरतं. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते) या दोन आकड्यांची बेरीज बघा. एकदा आयडलिंगला, एकदा गाडी जागेवरच न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएमला धरून. बेरीज शून्याच्या आसपास, फार तर १० टक्क्यांच्या आत असली तर ठीक. आयडलिंगला ती +१५, +२० टक्के अशी चढलेली आणि २५०० ला जवळजवळ शून्यावर आलेली दिसली, तर हवेच्या सेन्सरच्या पुढे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे. याच्या उलट, आयडलिंगला ठीक पण चढावर किंवा जोरात रेस देताना ट्रिम वाढत जात असेल, तर एमएएफ सेन्सर मळलाय किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. दोन्हीकडे ट्रिम शहाण्यासारखा आणि तरी काटा नाचतोय, तर थ्रॉटल साफ करायला घ्या. स्कॅनरमध्ये पी०५०५, पी०५०६ हे आयडलिंगच्या बिघाडाचे कोड सापडले तर संशय आणखी पक्का. पी०१७१ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असेल तर आधी गळती शोधा.

काही गाड्यांत एमएएफ नसतोच, मॅनिफोल्डवर (थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर) हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे गळती झाली की ट्रिम फारसा हलत नाही, उलट आयडलिंगच वाढून बसतं. त्या गाडीला वरचा हिशेब लावू नका.

गळती शोधताना एअर बॉक्सपासून (फिल्टरच्या डब्यापासून) थ्रॉटलपर्यंतचा रबरी डक्ट हाताने वाकवून त्याच्या घड्या उघडून बघा. भेग बहुतेक वेळा घडीच्या तळाशी आणि खालच्या बाजूला असते, वरून डक्ट नवाकोरा दिसतो. पीसीव्हीची नळी दाबून पाहा. तेलाने मऊ पडून चिकट झाली असेल तर बदला. इंजिन चालू असताना ब्रेक दाबून धरल्यावर आयडलिंग ठळकपणे बदललं तर ब्रेक बूस्टर (ब्रेकवर पायाचा जोर वाढवणारा डबा) आणि त्याची नळी तपासायची. ऑइल टाकायचं झाकण आणि डिपस्टिक नीट बसलेत ना, हेही बघा, कित्येक गाड्यांत तिथूनही हवा ओढली जाते. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत बरेच जण सांगतील. ती करू नका, आग लागते. गॅरेजमध्ये धूर सोडून तपासायचं यंत्र असतं, त्यात गळती डोळ्यांनी दिसते.

साफसफाईसाठी इंजिन थंड हवं, जागा मोकळी हवा खेळणारी हवी, आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली हवी. फिल्टर आधी बाहेर काढा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. काळा पडला असेल तर नवा टाका. फिल्टरच्या स्वच्छ बाजूला धूळ दिसली तर तो नीट बसलेला नव्हता, आणि पुढच्या सगळ्या घाणीचं मूळ तिथेच आहे. तेल लावलेला धुता येणारा फिल्टर बसवला असेल तर तेल जास्त झालंय का बघा. ते उडून एमएएफच्या तारेवर बसतं.

एमएएफसाठी फक्त एमएएफ सेन्सर क्लीनर वापरा. ब्रेक क्लीनर नको, कार्ब क्लीनर तर नकोच. त्यातली काही द्रावणं सेन्सरचं प्लॅस्टिक आणि आतला लेप खातात. कनेक्टरचं लॉक दाबून कनेक्टर धरून ओढा, तारा ओढू नका. सेन्सर सुटा केला की आत केसाएवढी तार किंवा छोटीशी पट्टी दिसेल. इंजिन चालताना ती विजेने तापवलेली असते आणि वाहती हवा तिला किती गार करते त्यावरून हवा मोजली जाते. तिच्यावर धुळीचा थर बसला की ती हवा कमी मोजते आणि पेट्रोल कमी पडतं. तिला ब्रश, कापूस, बोट काहीही लावू नका. थोड्या अंतरावरून छोटे छोटे फवारे मारा, द्रव निथळू द्या आणि आपोआप पूर्ण वाळू द्या. कॉम्प्रेसरची हवा मारलीत तर तार तुटू शकते. स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जातात, म्हणून परत आवळताना हात हलका ठेवा.

थ्रॉटलला थ्रॉटल बॉडी क्लीनर. डक्ट काढल्यावर समोर दिसणारी बाजू बऱ्यापैकी स्वच्छच असते; प्लेट थोडी उघडून मागे टॉर्च मारा, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, कडेलगत, चंद्रकोरीच्या आकाराचा तपकिरी-काळा पट्टा दिसतो. काढायचा आहे तो हाच. केबलची गाडी असेल तर चावी बंद ठेवून दुसऱ्या कोणाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि प्लेट उघडी असताना पुसून घ्या. या गाड्यांत आयडलिंगची हवा वेगळ्या वाटेने आयएसी (आयडलिंगची हवा सांभाळणाऱ्या) व्हॉल्व्हमधून जाते, तोही काढून टोक आणि त्याची बैठक साफ करा. त्याचं टोक ओढायचं किंवा दाबायचं नाही.

केबल नसलेली, मोटरवर चालणारी थ्रॉटल असेल तर जास्त सांभाळून. चावी चालू असताना बोट आत घालू नका, प्लेट झटक्यात मिटते आणि तिच्यात जोर असतो. प्लेट बोटाने जबरदस्तीने ढकलू नका, आत छोटे गिअर असतात. शक्य असेल तर बॉडी उतरवूनच साफ करा. सहसा चारच बोल्ट असतात. काहींना कूलंटच्या नळ्या जोडलेल्या असतात, त्या आधी बघून घ्या. गॅस्केट नवीन टाका. क्लीनर थेट आत ओतण्यापेक्षा मऊ फडक्यावर मारून पुसा, कडेला जुना मऊ टूथब्रश चालतो. फवारा प्लेटच्या दांड्यात आणि मोटरच्या बाजूला जाऊ देऊ नका. सँडपेपर, तारेचा ब्रश बिलकुल नको. काही कंपन्या आतून पातळ लेप देतात, आणि तो घाण समजून खरवडला तर प्लेट बंद होताना हवा कायमची जास्त सुटते. प्लेटला टेकणारा छोटा स्टॉप स्क्रू दिसेल. तो कारखान्यात बसवलेला असतो. आयडलिंग वाढवायला तो फिरवलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात आणि मूळ जागा परत शोधायला फार वेळ जातो. त्याला हात लावू नका.

सगळं जोडून गाडी सुरू केली की पहिल्यांदा स्टार्टर जरा जास्त वेळ मारावा लागेल, थोडा धूर येईल, मिनिटभर मिसिंगही होईल. उरलेलं क्लीनर जळतंय, घाबरू नका. नंतर आयडलिंग १२००, १५०० वर जाऊन बसलं तरी काही बिघडलेलं नाही. काही गाड्यांत बॅटरीची तार काढूनही ईसीएम शिकलेलं विसरत नाही; तो अजून जुन्या घाणीच्या हिशेबाने प्लेट जास्त उघडतोय आणि फट आता मोकळी आहे. त्याला नव्याने शिकवावं लागतं. बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम करून, एसी-दिवे बंद ठेवून काही मिनिटं आयडलिंगला सोडलं, मग एसी लावून तेवढंच, की ७०० ते ८०० च्या आसपास काटा स्थिरावतो. काही गाड्यांत मात्र स्कॅनरमधून थ्रॉटल लर्निंगची आज्ञा द्यावीच लागते. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये नेमकी पद्धत असते, तीच पाळा.

दोन प्रसंगी यातलं काही करू नका. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ते मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) आहे, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय. तुम्ही प्लग बदललेत, कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) तशीच आहे. शेजारच्या सिलिंडरशी कॉइल अदलाबदल करून मिसफायरचा कोड सोबत सरकतो का ते आधी बघा. आणि कोणी डिझेलवाला हे वाचत असेल, तर चालू डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये ज्वलनशील फवारा कधीही मारू नका. डिझेल इंजिन तोच फवारा इंधन म्हणून जाळतं आणि चावी बंद करूनही आवरत नाही.

तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं असेल तर आणखी एक शक्यता उरते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहतच नाही, त्यामुळे तिथे जाड कार्बन जमतो. गार इंजिनाला सकाळी जास्त थरथर हे त्याचं लक्षण. टाकीत ओतायचं औषध तिथे पोहोचत नाही. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाचा भुगा मारून तो काढतात, आणि ते गॅरेजचं काम आहे.

साफ करण्याआधीचे आणि नंतरचे ट्रिमचे आकडे, गाडीचं वर्ष आणि थ्रॉटल केबलची की मोटरची, एवढं खाली लिहा. थरथर राहिलीच तर त्यावरून पुढे कुठे बघायचं ते सांगतो.