'बेपत्ता', 'राहून गेलेले' आणि 'वगळलेले'

करवीर तालुक्यातल्या एका गावच्या इतिहास मंडळाने विचारले आहे: चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर नसलेल्या काही सैनिकांची नावे आम्ही शोधली. नव्या फलकावर 'बेपत्ता हुतात्मे' लिहिले तर चालेल का?

माझे मत, दोन्ही शब्द नकोत.

बेपत्ता म्हणजे ज्याचा ठावठिकाणा लागत नाही तो. पंचगंगेच्या पुरात माणूस बेपत्ता होतो. लष्करी कागदांत तर ही वेगळी वर्गवारीच असते. मेल्याची खात्री नाही, जिवंत असल्याचीही नाही. तुम्ही शोधलेल्या माणसांची पलटण, बापाचे नाव, मृत्यूचे साल सगळे हाती आले आहे. नाव तेवढे दगडावर नाही. त्यांना बेपत्ता म्हणायचे म्हणजे चूक पाटी करणाऱ्यांची आणि ती गेलेल्याच्या माथी मारायची.

लग्नपत्रिकेत एखाद्या चुलत्याचे नाव नसले की आपण 'नाव राहिलं' म्हणतो. पाटीवर काहींची नावे आहेत आणि काहींची नजरचुकीने नाहीत, एवढेच असेल तर 'नावे राहून गेलेले गावकरी' हे अगदी चपखल आहे.

पण 'राहून गेले' यात हेतू नसतो, आणि इथे थांबून विचार केला पाहिजे. त्या काळच्या बऱ्याच गावपाट्यांवर नावे मुळातच नाहीत. या गावातून इतके लढाईवर गेले, पैकी इतके मेले, असे नुसते आकडे आहेत. १९२९ साली उघडलेल्या, इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या शिपायांचे मात्र पलटणवार आकडेच आले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणी लढत होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथले कुत-अल-अमारा हे वेढलेले ठाणे तुर्कांच्या हाती पडले तेव्हा शरण गेलेल्यांतही त्या होत्या, आणि कैदेत कितीतरी जण मेले. शिपायाचे नाव न कोरणे हे तिथे ठरवून झाले. अशी स्मारके आणि युद्धातल्यांची थडगी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफीही मागितली. अशांसाठी 'राहून गेलेले' फार मवाळ होते. तिथे 'वगळलेले' असेच स्वच्छ लिहावे. तुमच्या यादीत दोन्ही प्रकारचे लोक असतील तर दोन ओळी करा, पण एकच शब्द सगळ्यांवर पांघरू नका.

आता 'हुतात्मे'. हा शब्द सावरकरांनी घडवला, आणि मराठी कानाला त्यातून स्वातंत्र्यलढा नाहीतर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐकू येते. आपल्या जिल्ह्यात हुतात्मे म्हटले की १९४२ चे गारगोटीचे वीर आठवतात. ते ज्या सत्तेविरुद्ध लढताना पडले, तिच्याच पलटणीत १९१४ चे शिपाई होते. दोघांचाही मान राखायचा तर शब्द वेगळे ठेवलेले बरे. 'शहीद' म्हणावे, तर तोही लष्कराचा अधिकृत शब्द नाही. केंद्र सरकारनेच तसे संसदेत सांगितले आहे.

'कामी आले' हा बखरींच्या वळणाचा शब्द मला स्वतःला फार आवडतो. पण तो रणात पडलेल्यांचा. पटकीने, तापाने, कैदेत गेलेल्यांना तो नीट लागत नाही, आणि मेसोपोटेमियात असे मृत्यू थोडेथोडके नव्हते. 'महायुद्धात मृत्यू पावलेले' यात सगळे येतात.

घरोघरी विचारपूस अजून चालू असेल तर एक सुचवतो. म्हातारी माणसे 'महायुद्ध' म्हणणार नाहीत. 'आज्जा लामावर गेला, परत आलाच न्हाई' असे काही कानावर आले तर ते टिपून घ्या. लाम म्हणजे लांबची लढाई, मोहीम. हा शब्द आता ऐकू येईनासा झाला आहे, म्हणून तो ज्या घरात निघेल तिथे बारकाईने चौकशी करा.

फलकाचा मथळा असा सुचवतो: 'पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१९) मृत्यू पावलेले आणि जुन्या पाटीवर नाव नसलेले आपले गावकरी'. नावांमागे 'कै.' लावू नका, यादीत मुल्ला-मुजावरही असतील. त्याऐवजी हुद्दा लिहा: शिपाई, नाईक, हवालदार. पुढे पलटणीचा क्रमांक द्या, आणि नाव घरात जसे घेत होते तसेच लिहा, इंग्रजी कागदात मोडतोड झाली आहे तसे नको.