नायिकेची सुटका पटावी म्हणून

प्रश्न : माझ्या रहस्यकादंबरीत अपहरण झालेली नायिका अपहरणकर्त्यांना चकवून निसटते, परंतु वाचणाऱ्यांना तो योगायोग वाटतो. काय करावे?

उत्तर : सुटकेची बीजे आधीच्या प्रकरणांत, वाचकाच्या सहज ध्यानात येणार नाहीत अशी पेरावीत. डोळ्यांवर पट्टी असताना ती जिन्याच्या पायऱ्या मोजते, दोन पहारेकऱ्यांपैकी कोणता कडी लावल्यावर ओढून पाहत नाही हे नुसत्या आवाजावरून ओळखते आणि त्या दोघांमधला पैशांवरून असलेला संशय एखाद्या साध्या प्रश्नाने वाढवते, असे दाखवल्यास सुटका तिच्याच बुद्धीची वाटेल. तिचा एखादा डाव फसूही द्यावा. अपहरणकर्ते मात्र मुळीच मूर्ख नकोत. कडी न तपासणाऱ्यालाही सलग जागरणासारखे पटणारे कारण द्यावे.