आधी नट बघ, मग पिकअप

लातूर

चि. मित्रास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझं ऐकून घेतलं, पण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, नीट बोलता आलं नाही. म्हणून आज शटर ओढल्यावर लिहायला बसलो. तू म्हणालास, "काका, माझ्या इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज लई दबका यायलाय, नवे पिकअप टाकून द्या, नऊ हजार जमलेत." उदगीरला शिकवण्या घेऊन तुझ्या वयात नऊ हजार साठवायला किती महिने लागतात ते मला कळतं. पिकअप, म्हणजे तारेचं हलणं उचलून स्पीकरकडे पाठवणारा भाग, विकणं हा माझा धंदा आहे. तरी सांगतो, आत्ता घेऊ नकोस.

बोलण्याच्या ओघात तू आणखी एक गोष्ट सांगून गेलास. एफ कॉर्ड (अनेक तारा एकदम दाबून वाजणारा सूरमेळ) दाबताना बोटं दुखतात, आणि ट्यूनरवर सहाही तारा बरोबर लागलेल्या असताना पहिल्या तीन फ्रेटांतले (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांतले) कॉर्ड बेसूर वाजतात. पोरा, हे दुखणं नटचं आहे. मानेच्या टोकाला, तारा खुंट्यांकडे वळतात तिथली ती पांढरी पट्टी. कारखान्यात तिच्या खाचा उथळच ठेवतात. खाच जास्त खोल गेली तर नट टाकून द्यावा लागतो. उथळ राहिली तर घेणारा वर्षानुवर्षं सोसतो, स्वतःच्या बोटांना दोष देत राहतो. तार उंच असली की दाबताना ती ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. घरीच बघ: तिसऱ्या फ्रेटच्या जरा मागे तार दाबून धर आणि पहिल्या फ्रेटवर नजर टाक. तार आणि फ्रेट यांच्यात केसभर फट हवी. तुझ्या गिटारीत तिथून एटीएम कार्ड सरकेल असा माझा अंदाज आहे.

मला ही नजर मिरजेत मिळाली. तरुणपणी तानपुरे आणायला सतारमेकर गल्लीत जायचो. एक म्हातारे कारागीर जवारी काढत, म्हणजे तार घोडीवर नेमकी टेकेल अशी घोडी घासत, बसलेले असायचे. घोडीवर कानस दोन हात फिरवायची, तार चढवायची, कान लावून ऐकायचं, तार उतरवायची, परत कानस. एका तानपुऱ्यावर अर्धा दिवस जायचा. भोपळा कितीही देखणा असला तरी घोडीवर तार नीट टेकली नाही तर तानपुरा बोलत नाही. इलेक्ट्रिक गिटार परदेशातून आली, पण तिचं मर्म तेच आहे. नट, फ्रेट आणि ब्रिज (गिटारीची घोडी), या तीन ठिकाणी तारेचा स्पर्श होतो. वाद्याचा कस तिथे लागतो.

म्हणून कोणी विचारलं, की काका, इंडोनेशियात बनलेली स्वस्त गिटार वाईट का, तर मी नाही म्हणतो. बॉडी आणि मान मशीनवर कापलेली असते, माप चुकत नाही. पैसे वाचवले जातात ते हातकामात: फ्रेटची टोकं घासणं, नट कोरणं, सेटअप (तारांची उंची, मानेचा वाक जुळवणं). तेवढं काम इथे बसून करून घेता येतं. तेच काम झालेली स्वस्त गिटार मी न झालेल्या महागड्या गिटारीपेक्षा वर ठेवतो, आणि हे मी दुकानात गिऱ्हाइकासमोरही बोलतो.

लाकडाबद्दल तू विचारलं होतंस. फेंडरने 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर काढली तेव्हा बॉडी ॲश लाकडाची होती, 1956 पासून बहुतेक अल्डरची. दोन्हींवर लोकांनी सुंदर वाजवलं. पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, त्याला फक्त लोखंडी तारेचं हलणं कळतं. लाकडाचा परिणाम शून्य आहे असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या नावावर दहा हजार जास्त मोजू नकोस. मानेवरच्या पट्टीचं लाकूड मात्र बघून घे. जगभरातल्या कितीतरी गिटारींवर आपल्या देशातली शिसव बसलेली असते, आणि ती आपल्या उन्हाळ्यात आकसते. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे एकामागून एक गिटारी आल्या, सगळ्यांची एकच तक्रार: मानेची कड हाताला ओरबाडते. लाकूड आकसलं होतं, फ्रेटची धातूची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. बारीक कानशीने टोकं घासली की भागतं. पण गिटार कूलरच्या झोतात ठेवू नकोस. दिवसा कोरडी हवा, रात्री ओला वारा, यात मान रोज थोडी वाकते आणि थोडी सरळ होते.

आता दबक्या आवाजाकडे येतो. तारा शेवटच्या कधी बदलल्यास? घामाने काळ्या पडलेल्या तारांतून कुठलाच पिकअप चमक काढू शकत नाही. आधी 9-42 चा, म्हणजे बारीक तारांचा, नवा सेट चढव. मग पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू बघ. पिकअप फार खाली बसला असेल तर आवाज दूरून आल्यासारखा येतो. फार वर आला तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर डळमळतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तार यांत दोन-अडीच मिलिमीटर ठेव, मग कानाने अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. याला एक पैसा लागत नाही, आणि निम्म्या वेळा गिऱ्हाईक इथूनच समाधानाने परत जातं.

पिकअप म्हणजे काय तेही समजून घे, म्हणजे त्याचा बाऊ वाटणार नाही. माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडून मोटार वायंडिंगवाला आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरतो. पिकअपही वायंडिंगच. चुंबकांभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार, एकाच वेटोळ्याच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये सात-आठ हजार वेढे. बेंजो पार्टीतल्या बेंजोचे पिकअप मी याच समजुतीवर दुरुस्त केले. सिंगल कॉइल घरातल्या विजेची 50 हर्ट्झची घूं उचलतो, म्हणून 1955 मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन कॉइल उलट जोडून ती घूं मारली, तो हंबकर. हंबकरला पाचशे के चे पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचे भाग) लागतात, सिंगलला अडीचशेचे. हंबकरवर अडीचशेचा पॉट असला तर वरची धार कमी होते. तुझ्या गिटारीत मागे हंबकर आहे, तेव्हा पिकअपआधी मी पॉट उघडून बघेन. पॉट पिकअपच्या तुलनेत काहीच महाग नाही.

एक गोष्ट मनाला लागलेली आहे, ती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी परभणीच्या ऑर्केस्ट्रातले एक वादक त्यांची जुनी जपानी गिटार घेऊन आले. मागे हंबकर बसवून द्या म्हणाले. जागा लहान होती. मी पटाशी घेतली आणि बॉडी खोदली. एका ठिकाणी पटाशी घसरली, रंगाचा टवका उडाला. पिकअप बसला, आवाज जाड आला, ते खूश होऊन गेले. दोन महिन्यांनी परत आले: "गाण्याच्या मधे ती बारीक खणखण वाजायची, ती गेली. पहिल्यासारखं करून द्या." जुना पिकअप परत बसवला. खड्ड्यात लाकडाचा तुकडा भरला, पण रंग जुळला नाही, आणि गिटारीची किंमत निम्म्यावर आली. त्यांनी मला एक शब्द लावला नाही, ठरलेले पैसेही पूर्ण दिले. मी ते घ्यायला नको होते.

तेव्हापासून स्क्रू आणि सोल्डरने होणारी आणि तसंच परत उलटवता येणारी कामं मी आनंदाने करतो. लाकडाला हत्यार लावायचं असेल तर गिऱ्हाइकाला महिनाभर थांबायला सांगतो. आणि काढलेला प्रत्येक भाग पुडीत घालून, वर चिठ्ठी चिकटवून परत देतो. तूही जपून ठेव. विकताना मॉडिफिकेशनचे पैसे कोणी देत नाही, मूळ भाग असले तर देतो.

तू रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनचं नाव घेशील. त्याने 50 डॉलरची बॉडी आणि 80 डॉलरची मान घेऊन, स्वतः खोदून, गिब्सनचा हंबकर बसवला हे खरं. पण त्याला कुठला आवाज हवा ते आधीपासून कानात होतं. तुला अजून तुझ्या गिटारीचा खरा आवाजच ऐकायला मिळालेला नाही.

गणपतीत मांडवात वाजवशील तेव्हा ॲम्पच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कधीही तोडू नकोस, घूं कितीही येवो. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा चटका बसला तर त्याच क्षणी वाजवणं थांबव आणि अर्थिंग तपासायला लाव. यात भीड धरू नकोस, मंडळाचा अध्यक्ष समोर उभा असला तरी.

रविवारी सकाळच्या एसटीने ये. गिटार डिकीत टाकू नकोस, मांडीवर धर. नव्या तारा चढवून, ट्यून करून आण आणि वाटेत सैल करू नकोस. ताण असल्याशिवाय मान किती वाकली ते मला दिसणार नाही. नट मी तुझ्यासमोर कोरेन, कानस तुझ्याही हातात देईन. नऊ हजार घरीच ठेवून ये.

तुझा,
दुकानवाला काका