मधमाशी चावून हात कोपरापर्यंत सुजला, टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे ॲलर्जी नाही ना?

नुसता हातच सुजला असेल तर एवढं घाबरू नका, आठवडाभरात उतरतो. पण "टेस्ट निगेटिव्ह म्हणजे ॲलर्जी नाही" हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण ह्याच वाक्यावरनं काका आणि मी वर्षभर धड बोललो नव्हतो.

करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. सीझनला काकवीच्या वासानं माश्या घोंगावतच असतात, चावणं कुणाला नवीन नाही. दोन वर्षांमागं दादाला मानेवर एकच चावली. दहा मिनिटांत तळहात खाजायला लागले, पोटावर गांधी उठल्या, काका म्हणाले पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी द्या. आपल्याकडं हाच घोळ आहे, अंगावर काहीही उठलं की पित्त! मग उलटी झाली, आवाज घोगरा झाला, ओठ सुजले आणि दादा काहिलीपाशी बसला तो उठेचना. गाडीत आडवा घालून नेला, बीपी पार खाली गेलेलं, डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनॅलिन दिलं तेव्हा डोळे उघडले. नुसत्या एव्हिलवर (ॲलर्जीचं नेहमीचं औषध) हे भागत नाही, लिहून ठेवा.

आठव्या दिवशी घाईनं स्किन टेस्ट (माशीच्या विषाचा अंश कातडीत टोचून बघतात ती) केली, निगेटिव्ह. काका म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं पित्त हाय?" पण रिॲक्शननंतर काही आठवडे टेस्ट फसवी निघू शकते, म्हणून साधारण ४ ते ६ आठवडे थांबून करतात. सहा आठवड्यांनी परत केली, मधमाशीला पॉझिटिव्ह, गांधीलमाशीला नाही. मानेत काटा राहिला होता तो मी नखानं काढलेला, म्हणून मधमाशीच हे मला आधीच माहीत होतं, गांधीलमाशी काटा सहसा सोडत नाही.

तेव्हा तुमची टेस्ट चावल्यावर कितव्या दिवशी झाली ते आधी बघा. आणि डॉक्टरांना रिपोर्टच्या आधी हकीकत सांगा, चावल्यावर किती मिनिटांत काय झालं, चावलेली जागा सोडून दुसरीकडं कुठं उठलं का, निदान त्यावरच होतं. उलटंही असतं, कधीच त्रास न झालेल्या माणसाची टेस्ट पॉझिटिव्ह येते. आग्यामोहोळ उठून शेकडो माश्या चावल्या तर मात्र विषच जास्त जातं, तिथं ॲलर्जी नसली तरी ॲडमिटच व्हायचं. मी डॉक्टर नाही, ॲलर्जीवाल्या डॉक्टरांना दाखवाच. दादाची इम्युनोथेरपी (विषाची सवय व्हावी म्हणून त्याचेच थोडेथोडे डोस टोचतात ती) चालू आहे, तीन ते पाच वर्षं घ्यायची म्हणालेत, आणि इंजेक्शनला त्याला गाडीवरनं काकाच नेतात.