तालुक्याच्या गावी एएची मीटिंग कशी शोधायची?

ताई, यजमान महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी आले, डॉक्टरांनी 'एएच्या मीटिंगा चुकवू नका' असं बजावलं, पण तुमच्या तालुक्यात मीटिंग कुठे भरते हे कुणालाच सांगता येईना, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय गावात बभ्रा होईल ही धास्ती. मी स्वतः मद्यपी आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच एए, या मद्यपींनीच मद्यपींसाठी चालवलेल्या संघटनेमुळे बरीच वर्षं सोबर, म्हणजे दारूपासून दूर आहे, म्हणून उत्तर देतोय. नाव लिहीत नाही, आमच्यात तशी रीतच आहे.

तुम्हाला कुठे फलक दिसला नाही, कारण एए स्वतःची जाहिरात करत नाही. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन इथे एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारूने पार खचलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे उभं राहिलं. आजही त्याचं स्वरूप तेवढंच आहे: एका मद्यपीने दुसऱ्याशी बोलायचं. त्यासाठी गल्लीत ऑफिस लागत नाही. नगरपालिकेच्या शाळेतला एखादा वर्ग, चर्चचा हॉल, दवाखान्यातली खोली, संध्याकाळी तासाभरापुरती मिळाली की झालं. शेजारच्या दुकानदारालाही पत्ता नसतो.

म्हणून सुरुवात केंद्रापासूनच करा. तिथल्या समुपदेशकांना फोन लावा आणि विचारा, 'आमच्या भागातले कुणी जुने पेशंट मीटिंगला जातात का? त्यांना आमचा नंबर द्याल का?' नुसता पत्ता घेऊन थांबू नका, माणूस मागा. शाळेला सुट्टी लागली की जागा बदलते, वार बदलतो, आणि पहिल्याच दिवशी कुलूप बघून परत आलेला माणूस पुन्हा निघेलच असं नाही. सोबत नेणारा असला की हा प्रश्नच उरत नाही. काही केंद्रं स्वतःच्या पाठपुराव्याच्या बैठकाही घेतात. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून चालू आहे. तुमच्या केंद्राची अशी बैठक जवळपास होत असेल तर तीही धरा.

दुसरा मार्ग एए इंडियाच्या वेबसाइटचा. तिथे हेल्पलाइनचे नंबर मिळतात. फोन बहुधा आमच्यातलाच कुणी सोबर झालेला मित्र उचलतो, त्यामुळे बिचकू नका. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, गोवा इथे मीटिंगा भरतात. तुमच्यापासून जवळची कोणती, मराठीत बोलतात का, हे त्यांनाच विचारा. सरकारची टोल फ्री हेल्पलाइन 14446 आहे, उपचारांची चौकशी तिथे करता येते.

गूगलवर शोधताना मात्र जपा. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा पावडरींच्या जाहिराती आधी डोळ्यांपुढे येतात. दारू सोडवायची काही औषधं अशी असतात, की वरून दारू पोटात गेली तर जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांशिवाय आणि त्यांना न सांगता जेवणात काहीही कालवू नका, कुणी कितीही छातीठोकपणे सांगो. आणि एएच्या नावाने कुणी प्रवेश फी मागितली, तर ती एए नव्हे. आमच्याकडे मीटिंगमध्ये पिशवी फिरते, सदस्य ऐपतीप्रमाणे टाकतात. नव्या माणसाने काहीच टाकायचं नसतं.

आत काय चालतं? आमची मीटिंग पहिलीच्या वर्गात भरते. छोट्या बाकांवर गुडघे मावत नाहीत, फळ्यावर मुलांची बाराखडी असते. शांततेची प्रार्थना होते, मग एकेक जण 'मी अमुक, मद्यपी' म्हणून स्वतःचं सांगतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. नुसतं ऐकून घरी गेलं तरी चालतं. सदस्य व्हायला दारू थांबवायची इच्छा पुरते. इथलं ऐकलेलं इथेच ठेवायचं, हा दंडक लोक मनापासून पाळतात, कारण प्रत्येकाचंच झाकलेलं दुसऱ्याच्या हाती असतं. तरीही गावाची धास्ती वाटली, तर सरळ शेजारच्या तालुक्यातल्या मीटिंगला जा. आमच्यात कितीतरी जण मुद्दाम लांबून एसटीने येतात. ज्या दिवशी जाणं जमणार नाही त्या दिवसासाठी ऑनलाइन मीटिंगा आहेत, पण प्रत्यक्ष भेटीला माझ्या मते तोड नाही. मीटिंग संपल्यावर टपरीवरच्या चहाला यजमानांना थांबायला सांगा. रात्री दोन वाजता तलफ आली तर ज्याला उठवता येईल, असा माणूस तिथेच भेटतो. एक गट नाही रुचला तर दुसरा बघावा, माणसं सगळीकडे सारखी नसतात.

समजा पुन्हा प्यायले, तरी मीटिंगचं दार बंद होत नाही. फक्त रोजची दारू पुन्हा सुरू झाली असेल, तर ती घरच्या घरी एकदम तोडू नका. हातपाय थरथरणं, फिट येणं, भास होणं यात माणूस दगावू शकतो. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

आणि ताई, तुमच्या स्वतःसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, मद्यपींच्या घरच्यांची वेगळी मीटिंग. यजमान येवोत न येवोत, तुम्ही एकट्या जाऊ शकता. हेल्पलाइनला फोन कराल तेव्हा तिचाही वार विचारून घ्या.